विचारलं तेवढंच

माझे वडील तालुका कोर्टात बेलीफ होते. समन्स बजावायचं, घराला कुलूप असेल तर दारावर नोटीस चिकटवायची, जप्तीच्या वेळी पंच गोळा करायचे, हे त्यांचं काम. आमचं गाव नगर जिल्ह्याच्या दक्षिणेला, कुसळं आणि बाभळीच्या मुलखात. आण्णा सायकलच्या कॅरिअरला रेक्झिनची पिशवी लावून वाड्यावस्त्यांवर जायचे. समन्स हातात पडलं की माणसं आधी त्यांना पाणी द्यायची, खाली बसवायची आणि मग हळूच विचारायची, "आण्णा, साक्षीला उभं राहिल्यावर बोलायचं काय?"

आण्णांचं उत्तर ठरलेलं होतं. "खरं बोलायचं. आणि विचारलं तेवढंच बोलायचं. फाटे फोडायचे नाहीत."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की पाढ्यांसारखं ते माझ्या तोंडी बसलं होतं.

उन्हाळ्यात शाळा सकाळची असायची, तेव्हा दुपारचा डबा घेऊन मी कोर्टात जायचो. जुनी दगडी इमारत, पुढे लिंबाचं झाड, झाडाखाली टाईपरायटर मांडून बसलेले अर्जनवीस आणि तारखेला आलेली माणसं. पट्टेवाला दारात येऊन नावाचा पुकारा करायचा, तेव्हा झाडाखालची सगळी बोलणी एकदम थांबायची. मला मागच्या बाकावर बसू द्यायचे. एकदा बांधावरून झालेल्या मारामारीची केस चालू होती. डोकं फुटलेल्या माणसाची पुतणी साक्षीला आली होती. माझ्याच वयाची असेल, आठ-नऊ वर्षांची. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तिचं फक्त कपाळ आणि वेणीची लाल रिबीन दिसत होती, म्हणून पट्टेवाल्याने तिच्या पायाखाली लाकडी खोकं ठेवलं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाळ, कितवीत आहेस? आज वार कोणता? खोटं बोललं तर काय होतं, सांग बरं."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आई बोलत न्हाई मग."

साहेब हसले नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं. तिला शपथ दिली नाही. साक्षीदाराच्या वयाला कायद्यात खालची मर्यादा नाही, हे मला खूप पुढे कळलं. प्रश्न समजतो आणि त्याचं उत्तर देता येतं, एवढी समज असली की लहान मूलही साक्षीदार होऊ शकतं. आणि १९६९ च्या शपथ कायद्यानुसार बारा वर्षांखालच्या मुलाला खरं बोलण्याचं कर्तव्य कळत असेल पण शपथेचा अर्थ कळत नसेल, तर शपथेवाचूनही त्याचं म्हणणं ऐकता येतं. तेव्हा मला एवढंच दिसलं की एक मोठा माणूस एका लहान मुलीच्या उत्तराची वाट बघतोय.

मग वकील उभे राहिले. "तू चुलत्याच्या शेजाऱ्याच्या हातात कुऱ्हाड बघितलीस ना?" लगेच दुसऱ्या बाजूचे वकील ताडकन उठले. साहेबांनी हात वर केला. "उत्तर तिच्या तोंडात घालू नका. काय पाहिलं ते तिला सांगू द्या." संध्याकाळी सायकलच्या दांडीवर बसून घरी येताना आण्णांनी मला शब्द शिकवला: सूचक प्रश्न. ज्या प्रश्नाच्या पोटातच उत्तर असतं, तो सूचक प्रश्न. आपल्याच साक्षीदाराला तो विचारायचा नसतो.

हे सगळं मला शाळेतली ती घटना घडण्याआधी ठाऊक होतं. म्हणून आज वय कमी होतं असं म्हणून मला सुटता येत नाही.

१९८४ साली मी चौथीत होतो. आमच्या वर्गात पारध्यांचा एक मुलगा होता. त्याचं नाव इथे लिहीत नाही. एकदा मी त्याचं नाव घेतलं आहे, तेवढं पुरे. गायरानाच्या कडेला, ओढ्याजवळ त्यांची तीन पालं होती. नव्याने बदलून आलेल्या एका तरुण गुरुजींनी त्याच्या बापाला चार वेळा भेटून पोराला शाळेत घातलं होतं. तो दाराजवळच्या शेवटच्या पट्टीवर बसायचा. शाळेत सुकडी मिळायची ती निम्मी खाऊन उरलेली सदऱ्याच्या खिशात धाकट्या बहिणीसाठी न्यायचा. अंकलिपी त्याला उशिरा समजली, पण हिशोब तोंडी करायचा तो आमच्या सगळ्यांच्या आधी.

आणि तो तितरासारखा आवाज काढायचा. मधल्या सुट्टीत शाळेच्या मागच्या बांधावर आम्ही बसायचो. तो दोन्ही हात तोंडाशी धरून साद घालायचा आणि बाभळीच्या रानातून खराखुरा तितर त्याला उत्तर द्यायचा. अंगावर काटा यायचा माझ्या. घोड्याच्या शेपटीच्या केसाचा फास कसा वळायचा, हे त्याने मला शिकवलं. माझंच बोट त्यात घालून त्याने दोर ओढला आणि म्हणाला, "दुखत न्हाई. पर सुटत बी न्हाई."

घरी मी त्याच्याबद्दल भरभरून सांगायचो. आई ऐकायची. तिने कधी त्याच्याशी खेळू नको म्हटलं नाही. एवढंच म्हणायची, "खेळ बाबा, पण दप्तराकडे लक्ष ठेव." माझी आई कुणाचं वाईट चिंतणारी बाई नव्हती. दारात आलेल्या माणसाला तिने कधी रिकाम्या हाताने पाठवलं नाही. हे वाक्य ती जशी "पावसात भिजू नको" म्हणायची, तितक्याच मायेने म्हणायची. आणि मी दप्तराकडे लक्ष ठेवायला लागलो. बांधावर बसून तितराचं उत्तर ऐकताना माझा एक हात दप्तराच्या बंदावर असायचा. त्याला ते दिसत असणार. तो कधी काही बोलला नाही.

त्या वर्षी सहल जायची होती. पैसे वर्गशिक्षकांकडे जमा होत होते. टेबलाच्या खणात एका कंपासपेटीत ते ठेवलेले असत. एके दिवशी मधल्या सुट्टीनंतर गुरुजींनी पेटी उघडली आणि १०५ रुपये कमी भरले. सात पोरांची सहल.

वर्ग एकदम चिडीचूप झाला. कुणी कुणाचं नाव घेतलं नाही. पण चाळीस मुलांच्या माना दाराजवळच्या शेवटच्या पट्टीकडे वळल्या. गुरुजी अजून काही बोललेही नव्हते. त्या माना कुणी वळवल्या, हा प्रश्न मला आजही पडतो. तसा धडा आमच्या पुस्तकात नव्हता. आम्हाला ते येत होतं, एवढं खरं.

गुरुजींनी मला ऑफिसात बोलावलं, कारण मधल्या सुट्टीत मी डबा विसरलो म्हणून वर्गात परत आलो होतो. हेडमास्तर बसले होते. तो कोपऱ्यात उभा होता. गुरुजी म्हणाले, "सुट्टीत तो टेबलापाशी होता. तू बघितलंस ना?"

मी बघितलं होतं. तो फळा पुसत होता. फळा टेबलाच्या मागेच होता. त्या आठवड्यात फळा पुसायची पाळी त्याची होती.

मी म्हणालो, "हो."

आणि आणखी एक मी बघितलं होतं. मी डबा घेऊन बाहेर पडत होतो तेव्हा गावातल्या एका आडत व्यापाऱ्याचा मुलगा आत येऊन टेबलाशी उभा राहिला होता. त्याने खण उघडला, असं मी बघितलं नाही. नुसता उभा होता. त्याच्याबद्दल मला कुणी विचारलं नाही. मी वाट बघितली, खरंच बघितली. गुरुजी आता विचारतील, "आणखी कोण होतं?" मग मी सांगेन. गुरुजी म्हणाले, "जा वर्गात." विचारलं तेवढंच बोलायचं. मी वर्गात गेलो.

दाराशी पोचेपर्यंत छडीचा पहिला आवाज आला होता.

मी खोटं एक अक्षर बोललो नाही, आणि या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं काढली. ते गुरुजी क्रूर नव्हते. माझ्या परीक्षेची फी एकदा त्यांनी स्वतःच्या खिशातून भरली होती. त्या दिवशी त्यांनी एक प्रश्न विचारला, ज्याच्या पोटात उत्तर होतं, आणि उठून "उत्तर त्याच्या तोंडात घालू नका" म्हणणारं त्या खोलीत कुणी नव्हतं. तो कोपऱ्यात उभा होता, पण त्याला काहीच विचारलं गेलं नाही. मी निघताना त्याने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. बांधावर तितराचं उत्तर यायच्या आधी तो जसा थांबायचा, तसा तो थांबला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौकीतले दोन हवालदार पालांवर गेले. आम्ही पोरं ओढ्याच्या मोरीवरून बघत होतो. मडकी फुटली, गोधड्या उसवल्या, त्याच्या बापाला गचांडी धरून नेलं. पैसे सापडले नाहीत. ते कधीच सापडले नाहीत, कुणाकडेच. तिसऱ्या दिवशी गायरानात चुलींचे काळे दगड तेवढे उरले होते.

पण हजेरीपटावर त्याचं नाव राहिलं. जवळजवळ महिनाभर गुरुजी रोज सकाळी त्याच्या नावाचा पुकारा करायचे, क्षणभर थांबायचे आणि रेघ ओढायचे.

घरी मी आण्णांना सगळं सांगितलं, ते पालं उठून गेल्यावर. ते जेवायला बसले होते. व्यापाऱ्याच्या मुलाचं सांगितलं तेव्हा त्यांचा हात ताटात थांबला. "हे तू बोलला नाहीस?" मी म्हणालो, "कुणी विचारलं नाही." आण्णा तसेच उठले, हात धुतला आणि ओट्यावर अंधारात जाऊन बसले. सकाळी ते सायकल घेऊन चौकीवर गेले, एवढं मला माहीत आहे. परत आल्यावर काही बोलले नाहीत. पण त्यानंतर समन्स घेऊन गेल्यावर लोकांना ते जे सांगायचे, त्यात फरक पडला. "खरं बोलायचं. आणि साहेबांनी न विचारलेलं काही आठवलं, तर हात जोडून म्हणायचं, साहेब, अजून एक सांगायचंय." कोर्टाच्या रीतीत ते बसत नव्हतं. वकील आण्णांवर चिडायचे. आण्णा निवृत्त होईपर्यंत तेच सांगत राहिले.

कॉलेजात असताना मला कळलं की आमच्या वर्गातल्या माना कुठून वळल्या होत्या. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. सुरुवातीला तो उत्तरेकडे होता, १९११ च्या कायद्याने देशभर लागू करता येऊ लागला. एखादी जमातच गुन्हेगार म्हणून जाहीर करायची, तिच्यातल्या माणसांची नावं नोंदवायची, पोलिसांसमोर हजेरी लावायची, गाव सोडायचं तर परवाना. काटेरी तारांच्या आत वसाहती. सोलापुरात त्या जागेला आजही सेटलमेंटच म्हणतात. आणि १८९७ च्या दुरुस्तीने सरकारला अधिकार मिळाला की अशा जमातींची चार वर्षांवरची, अठरा वर्षांखालची मुलं आईबापांपासून तोडून सुधारगृहवजा वसाहतींत ठेवावीत. चार वर्षं. त्या वयात मूल अजून बोबडं बोलतं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. पुढच्याच वर्षी, १८७२ मध्ये, भारतीय पुरावा कायदा आला. त्याचा मसुदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांचा. हेच स्टीफन १८७१ मध्येही व्हाइसरॉयच्या मंडळाचे कायदा सदस्य होते. जून २०२४ पर्यंत लागू असलेल्या त्या पुरावा कायद्याचं चोपन्नावं कलम सांगायचं की फौजदारी खटल्यात आरोपीचं चारित्र्य वाईट आहे, ही गोष्ट गैरलागू. आरोपीने स्वतःच आपल्या चांगुलपणाचा पुरावा आणला तर गोष्ट वेगळी. म्हणजे चोरी केली का ते सिद्ध करा, माणूस कसा आहे ते सांगू नका. माझ्या मते हे कलम माणसाच्या न्यायबुद्धीची फार मोठी कमाई आहे. आणि त्याच मंडळाने, त्याच सुमारास, लाखो माणसांच्या बाबतीत ठरवलं होतं की त्यांचं चारित्र्य जन्माआधीच सिद्ध झालं आहे. कोर्टाच्या आत एक कायदा, गायरानावर दुसरा.

तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. भटके-विमुक्त तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. आमच्या वर्गातल्या मुलाचा बाप त्याच्या आगेमागेच जन्मला असेल. आजोबाने नक्कीच हजेरी दिली असेल. माझ्या आईने तर तो कायदा कधी वाचलाही नव्हता. पण कायदा रद्द झाल्यावर "दप्तराकडे लक्ष ठेव" हे वाक्य रद्द करायला आमच्या घरी कुणी आलं नाही.

५ मार्च २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल लागला. मी तो पूर्ण वाचला, दोन रात्री लावून. जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका गरीब कुटुंबाच्या झोपडीवर रात्री हल्ला झाला होता. पाच जण मारले गेले, बायकांवर अत्याचार झाले. गुन्हा असा की वाचतानाही हात थरथरतो. त्यासाठी भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना पकडलं. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही जन्मठेप वाढवून फाशी केली. सहाही जण फाशीच्या रांगेत.

त्यांच्यातला एक जण घटनेच्या वेळी अठरा वर्षांचाही नव्हता. हे कोर्टाने मान्य करेपर्यंत त्याने अनेक वर्षं फाशीच्या सावलीत काढली होती.

मग फेरविचार झाला आणि कागद नव्याने उघडले गेले. त्यात निघालं ते असं: हल्ल्यातून वाचलेल्या बाईने दोनच दिवसांनी पोलिसांकडच्या फोटोंमधून चार माणसं ओळखली होती. हे सहा जण त्यांच्यात नव्हते. त्या चौघांना अटक झाली नाही, त्यांचा धड तपास झाला नाही, आणि ही गोष्ट खटल्यात पुढे आणली गेली नाही. न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सरकारला सांगितलं आणि त्या चौघांबाबत पुढचा तपास करायचा आदेश दिला. हे सहा जण समाजाच्या तळातले, भटके, अतिशय गरीब मजूर आहेत, त्यांना यात गोवलं गेलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही, हेही न्यायालयाने लिहिलं. तोवर सोळा वर्षं गेली होती. मारल्या गेलेल्या त्या पाच जणांचीही सोळा वर्षं गेली होती, हे मी विसरत नाही. चुकीची माणसं आत होती, म्हणजे खरी बाहेर होती.

चार फोटोंपाशी मी वाचायचा थांबलो. पहाटेचे तीन वाजले असतील. मला टेबलाशी उभा असलेला तो दुसरा मुलगा दिसला, त्याच्या शर्टाच्या घडीसकट. कागदात असलेलं, पण कुणी न विचारलेलं.

मागच्या डिसेंबरात आमच्या शाळेच्या वर्गाचा मेळावा झाला. पस्तीस-चाळीस वर्षांनी माणसं भेटत होती. कुणी सरपंच होऊन गेलेलं, कुणाला नातू झालेला. जेवणानंतर चिंचेखाली खुर्च्या टाकून गप्पा रंगल्या, आणि जुन्या आठवणी निघता निघता कुणीतरी म्हणालं, "अरे, तो पारधी आठवतो का? सहलीचे पैसे चोरलेला?" दोघं-तिघं हसले. त्यात हेटाळणी नव्हती, जुनी आठवण निघाल्याचं हसू होतं. त्यांच्या लेखी तो निकाल कधीच लागून गेला होता.

व्यापाऱ्याचा तो मुलगा समोरच बसला होता. आता त्याचं मोठं दुकान आहे, देवळाच्या जीर्णोद्धाराला त्याने पैसे दिलेत, माणूस चांगला आहे. माझ्या तोंडाला कोरड पडली. मी म्हणालो, "अजून एक सांगायचंय. त्या दिवशी सुट्टीत टेबलापाशी तूही होतास. मी बघितलं होतं. मी बोललो नाही."

सगळे गप्प झाले. तो थोडा गोंधळला, मग आठवून म्हणाला, "मी? हो रे, असेन. खडू घ्यायला गेलो असेन. आम्ही अंगणात रेघा मारायला खडू न्यायचो."

सगळ्यांना ते लगेच पटलं. मलाही पटलं. आम्ही खरंच खडू न्यायचो.

"तो फळा पुसायला गेला होता," मी म्हणालो. "त्या आठवड्यात त्याची पाळी होती."

चिंचेखाली बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग व्यापाऱ्याच्या मुलाने विचारलं, "त्याचं नाव काय होतं रे?"

मी नाव सांगितलं.